विमान खाली यायला लागण्याआधी आमच्या कानांना सांगा

मा. महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली,
तसेच देशातल्या विमान कंपन्यांचे आणि विमानतळांचे व्यवस्थापक यांस,

स. न. वि. वि.

मी इचलकरंजीचा. एका यंत्रमाग कारखान्यात २७ वर्षं दिवाणजी होतो. माझं टेबल आणि माग यांच्यामध्ये एक पातळ भिंत होती आणि त्या भिंतीतलं दार दिवसभर उघडं असायचं. सगळे माग एकदम चालू झाले की धोट्याचे ठोके कानाला कमी आणि छातीला जास्त जाणवायचे. अशा शेडमध्ये आवाज १०० डेसिबलच्या आसपास असतो, हे मला निवृत्तीनंतर कळलं. नोकरीत असताना एवढंच दिसायचं की माग दुरुस्त करणारा आमचा जॉबर माणसाच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखतो आणि घरी त्याची बायको त्याच्याशी ओरडून बोलते. आमच्या गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली आला. तेव्हापासून किती पिढ्यांचे कान त्या खटखटाटात गेले, याची मोजदाद कुणी ठेवली नाही. कानात घालायला साधं बोंडही कुणी आम्हाला दिलं नाही आणि ते मागावं हे आम्हालाही सुचलं नाही.

निवृत्तीच्या दुसऱ्या वर्षी, एका रात्री पंखा बंद असताना, डाव्या कानात बारीक शिट्टी ऐकू आली. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जी सीऽऽ येते ना, तशी. ती अजून थांबलेली नाही. डॉक्टर याला टिनिटस म्हणतात. आपल्याकडे याला जुनं नाव आहे. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग सांगितले आहेत, त्यांत कर्णनादही आहे. घरी आम्ही ‘कान वाजतो’ एवढंच म्हणतो. कोल्हापुरात तपासणी केली, तेव्हा ऐकण्याच्या आलेखाची, म्हणजे ऑडिओग्रामची, रेघ ४००० हर्ट्झपाशी, वरच्या स्वरांत, खड्ड्यात गेलेली दिसली. मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसाच्या कानाची ही ओळखीची खूण आहे. कानाच्या आतल्या केसांसारख्या पेशी मेल्या की पुन्हा येत नाहीत. तिकडून येणारा सिग्नल कमी झाला की मेंदू आपल्या बाजूने आवाज वाढवून बसतो आणि आपल्याला बाहेर नसलेली शिट्टी ऐकू येते. एका मोठ्या आढाव्यानुसार जगातल्या प्रौढांपैकी सुमारे १४ टक्के लोकांना कधी ना कधी असा आवाज ऐकू येतो आणि सुमारे २ टक्क्यांना त्याचा गंभीर त्रास असतो. म्हणजे १८० सीटच्या भरलेल्या विमानात दोन-चार माणसं अशी असणार, ज्यांचं आयुष्य या आवाजाने जड केलं आहे. ती ओळखू येत नाहीत. त्यांच्या हातात काठी नसते आणि कानामागे यंत्र असेलच असंही नाही.

माझी लेक जर्मनीत असते. नात झाल्यापासून आमची वर्षातून एक फेरी ठरलेली. उजळाईवाडीहून, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावरून, एटीआर या पंख्याच्या लहान विमानाने हैदराबाद, तिथून पुढे मोठं विमान. अशाच एका परतीच्या प्रवासात मला सर्दी झाली होती. रात्रभर झोप नव्हती आणि पहाटे डोळा लागला. जाग आली ती कानात कुणीतरी दाभण खुपसल्यासारखी. विमान खाली येत होतं. मी आवंढा गिळला, जांभई दिली, नाक धरून जोर लावला, पण काहीही सुटलं नाही. उतरल्यावर डाव्या कानाने ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं आणि आतली शिट्टी मात्र दुप्पट झाली होती. कानाच्या पडद्यामागे रक्त साकळलं होतं. ते जिरायला सहा आठवडे लागले. शिट्टी पहिल्यासारखी बारीक व्हायला त्याहून जास्त. त्या दिवसांत मी नातीशी व्हिडिओ कॉलवर बोलायचंही टाळलं, कारण तिचा आवाज फाटका ऐकू यायचा आणि ते मला सहन होत नव्हतं.

त्या विमानात उतरण्याआधी घोषणा झाली होती. सीटची पाठ सरळ करा, ट्रे बंद करा, खिडकीची झडप उघडा, पट्टा बांधा. सगळं सांगितलं, पण कानाबद्दल एक शब्द नव्हता. शिवाय ही घोषणा होते तोवर विमान बरंच खाली आलेलं असतं.

महोदय, माझी पहिली आणि सगळ्यात मोठी मागणी इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोठं विमान ३५-४० हजार फुटांवर उडत असलं तरी केबिनमधला हवेचा दाब जास्तीत जास्त ८००० फूट उंचीवर असेल तेवढा राखला जातो. हा दाब समुद्रसपाटीच्या साधारण पाऊणपट असतो. विमान चढताना मधल्या कानातली हवा फुगते आणि घशाकडे जाणाऱ्या नळीतून आपोआप बाहेर पडते. म्हणून चढताना सहसा त्रास होत नाही. उतरताना उलटं होतं. बाहेरचा दाब वाढत जातो, आतली हवा आक्रसते, पडदा आत ओढला जातो आणि ती नळी आपण गिळल्याशिवाय किंवा जांभई दिल्याशिवाय उघडत नाही. आतल्या-बाहेरच्या दाबात साधारण ९० मिलिमीटर पाऱ्याचा फरक पडला की नळी अशी चिकटून बसते की तिचे स्नायू तिला उघडू शकत नाहीत. केबिनचा दाब मिनिटाला साधारण ३०० फूट उतरल्यासारखा वाढत असतो. हिशोब केला, तर नळी एकदाही न उघडता गेलेली दहा-बारा मिनिटं त्या टोकाला पोहोचायला पुरतात. सर्दीने नळी सुजलेली असेल आणि माणूस गाढ झोपेत असेल, तर एवढा वेळ सहज निघून जातो. आमच्याकडे गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना कानाला दडे बसतात, ते याचंच छोटं रूप. पण घाटात ड्रायव्हरला ‘जरा थांब रे’ म्हणता येतं.

दाबाचं काम बिघडलं तर काय होतं, ते देशाने पाहिलं आहे. २० सप्टेंबर २०१८ ला मुंबईहून जयपूरला निघालेल्या एका विमानात केबिनचा दाब राखणारी कळ चालू करायची राहून गेली. तिसेक प्रवाशांच्या नाका-कानातून रक्त आलं आणि विमान परत मुंबईला उतरवावं लागलं. तेव्हा चार दिवस सगळीकडे कानाची चर्चा झाली. ती घटना अपवादाची होती. माझ्यासारख्याला जो त्रास होतो, तो सगळं व्यवस्थित चालू असताना होतो, म्हणून त्याची बातमी होत नाही.

तेव्हा घोषणा करा. विमान खाली यायला सुरुवात होण्याआधी, म्हणजे जमिनीला लागण्यापूर्वी साधारण अर्धा तास. शब्द असे काहीतरी असावेत: ‘थोड्याच वेळात विमान खाली यायला लागेल. झोपलेल्या सोबत्याला उठवा. पाणी घोटाघोटाने प्या, गोळी चघळा, जांभई द्या. बाळाला दूध पाजा किंवा चोखणी द्या. कान दुखत असेल तर क्रूला सांगा.’ वीस सेकंदांचं काम आहे. मुंबईहून कोल्हापूरला किंवा नागपूरला जाणाऱ्या विमानात ते मराठीतही म्हणा. पहिल्यांदा विमानात बसलेल्या आजीला कान का दुखतोय हे कळत नाही आणि आपल्याला काहीतरी मोठं झालं म्हणून ती घाबरते. मी अशी एक आजी माझ्या शेजारी बसलेली पाहिली आहे. तिने पदराचं टोक तोंडात घट्ट धरलं होतं. मी तिला खिशातली खडीसाखर दिली आणि चघळायला सांगितलं. दोन मिनिटांत तिच्या कानात ‘टक्’ झालं आणि तिने माझा हात धरला. विमानात पूर्वी टेकऑफच्या आधी गोळ्यांचा ट्रे फिरायचा, असं जुने प्रवासी सांगतात. तो ट्रे उतरण्याआधी फिरू दे. गोळीची किंमत तिकिटात कुणालाही जाणवणार नाही.

आता आवाजाबद्दल.

इथे मी आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण कान वाजणारी पुष्कळ माणसं भीतीने विमानप्रवासच सोडतात. एका प्रवासाने कान जात नाही. जेट विमानाच्या केबिनमध्ये मधल्या टप्प्यात आवाज साधारण ७५ ते ८५ डेसिबल असतो, चढताना थोडा वेळ त्याहून जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतात. पण दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मी. ८३ ला २० तास, ८६ ला १०. नऊ तासांच्या एका उड्डाणात निरोगी कानाला धोका नाही. ज्याचा कान आधीच मारलेला आहे, त्याला मात्र उतरल्यावर एक-दोन दिवस शिट्टी चढलेली जाणवते. जागरण, थकवा आणि काळजी यांनीही ती चढते. बहुतेकांची ती पुन्हा आपल्या जागी येते. घाबरून मुलीला भेटायला जायचं थांबू नका, असं मी माझ्या दोन मित्रांना सांगितलं आहे आणि इथेही सांगतो.

पण मग हा आवाज आहे किती, हे आम्हाला सांगायला काय हरकत आहे? विमानाला आवाजाचं प्रमाणपत्र लागतं, हे मला अलीकडे समजलं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या १६ व्या परिशिष्टाप्रमाणे तीन जागी आवाज मोजतात: धावपट्टीच्या बाजूला, चढत्या विमानाखाली आणि उतरत्या विमानाखाली. तिन्ही जागा विमानाच्या बाहेर. विमानतळाशेजारी राहणाऱ्यांसाठी हे मोजमाप हवंच, पुण्यात लोहगाव विमानतळाच्या आसपास राहणाऱ्या कुणालाही विचारा. पण आत बसलेल्या माणसाच्या कानापाशी काय पोहोचतं, याचा आकडा तिकिटावर नाही, सीटच्या नकाशावरही नाही. पाय लांब करायला किती इंच जागा मिळेल ते कंपनी लिहिते. कुठल्या रांगेत किती आवाज आहे, तेही लिहावं. प्रत्येक प्रकारच्या विमानात पुढे, पंखापाशी आणि मागे असं तीन ठिकाणी मोजायचं म्हटलं, तरी एका फेरीत काम होईल. ते मोजायला लावण्याचा अधिकार, महोदय, आपल्याकडे आहे.

रांगेने फरक पडतो. पंखांखाली इंजिनं असलेल्या जेटमध्ये इंजिनांच्या पुढची बाजू शांत असते आणि मागच्या रांगा गोंगाटाच्या. खिडकीपेक्षा मधल्या वाटेची सीट थोडी बरी. एटीआरचा हिशोब वेगळा. त्याच्या सहा पात्यांच्या पंख्याची घूं साधारण १०० हर्ट्झची येते. चौकातल्या डीपीपाशी उभं राहिलं की जी घूं ऐकू येते, तिचा सूर जवळपास हाच. पंख्याच्या पात्यांच्या रेषेत येणाऱ्या रांगांत ती अंगात शिरते. पहिल्यांदा मला नेमकी तिथलीच सीट मिळाली होती. काउंटरवर मी विनंती केली, ‘ताई, कानाचा आजार आहे, डॉक्टरांचं पत्र आहे, दुसरीकडे द्या.’ मुलगी बिचारी चांगली होती. तिने संगणकात पाहिलं आणि म्हणाली, ‘काका, व्हीलचेअरचा पर्याय आहे, अंध आणि कर्णबधिर प्रवाशांचा आहे. हे कशात टाकू?’ शेवटी मी जादा पैसे भरून सीट घेतली.

तिचा प्रश्न बरोबर होता. दिव्यांग प्रवाशांसाठी आपले नियम आहेत आणि ते चांगले आहेत. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऐकण्याचं नुकसान बोलण्याच्या स्वरांत मोजतात. दोन्ही कानांत ६० डेसिबलच्या पुढे असेल तरच माणूस त्यात बसतो. माझं नुकसान वरच्या स्वरांत आहे. समोरचा काय बोलतो ते मला बऱ्यापैकी ऐकू येतं, म्हणून मी कायद्याने ठणठणीत. मी दिव्यांगाचा दाखला मागत नाही. ज्यांना त्याची खरी गरज आहे, त्यांच्या वाट्यातलं काही मला नको. कान-नाक-घसा डॉक्टरांचं पत्र असेल, तर विमानात रिकाम्या असलेल्या शांत सीटांपैकी एक जादा पैसे न घेता द्यावी, एवढा नियम करा. संगणकात त्यासाठी एक खूण ठेवा, म्हणजे काउंटरवरच्या मुलीला विचारात पडावं लागणार नाही.

विमानात चढायच्या आधीची दोनशे पावलंही लक्षात घ्या. लहान विमानतळांवर आम्ही चालत विमानापर्यंत जातो. एटीआरला जमिनीवर वीज देणारं वेगळं शेपटीतलं यंत्र नसतं. त्याऐवजी उजवं इंजिन पंखा ब्रेकने थांबवून चालू ठेवता येतं, त्याला ‘हॉटेल मोड’ म्हणतात. मोठ्या विमानांत शेपटीतलं छोटं इंजिन हेच काम करतं. त्या आवाजात सामान चढवणाऱ्या पोरांच्या कानांवर आवाज अडवणारे मफ असतात, कधी ते मफ गळ्यात लोंबत असतात. प्रवासी कडेवर बाळ घेऊन जिन्याच्या पायथ्याशी रांगेत उभे. जिथे जमिनीवरून वीज देता येते, तिथे प्रवासी चढत असताना इंजिन बंद ठेवा. आणि ज्या पोरांचे मफ गळ्यात लोंबतात, त्यांच्या मुकादमाला विचारा. आमच्या शेडमध्ये कुणी विचारलं नाही, त्याचं फळ मी रोज रात्री ऐकतो. वैमानिकांची श्रवणचाचणी नियमाने ठरावीक काळाने होते. केबिन क्रू, लोडर आणि ट्रॅक्टर चालवणारे यांचीही तशीच व्हावी आणि तिचा कागद त्यांच्या हातात मिळावा. प्रवासी वर्षातून दोनदा त्या आवाजात बसतो. ती मुलं आठवड्यातले पाच दिवस असतात.

घोषणांच्या स्पीकरबद्दल मी नम्रपणे, पण ठामपणे बोलतो. सुरक्षेची घोषणा मोठ्याने झालीच पाहिजे, कमी ऐकू येणाऱ्यालाही ती कळायला हवी. पण नूडल्स, क्रेडिट कार्ड आणि लकी ड्रॉ यांची जाहिरात त्याच आवाजात, डोक्यावरच्या स्पीकरमधून, झोपलेल्या माणसाच्या कानात कशासाठी? कान वाजणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना अचानक येणारा मोठा आवाज सहन होत नाही, दचकून शिट्टी चढते. मुंबई, बेंगळुरूसारख्या विमानतळांनी ‘सायलेंट एअरपोर्ट’ करून दाखवलं आहे: घोषणा कमी, पडद्यावर माहिती जास्त. तिथे बसलं की बरं वाटतं. तीच रीत विमानात आणा. विक्रीच्या घोषणा बंद करा किंवा त्यांचा आवाज खाली आणा. फोनचा स्पीकर लावून रील बघणाऱ्याला क्रूने हक्काने थांबवावं, त्यासाठी त्यांना नियमाचा आधार द्या. आज सांगायला गेलं की भांडण होतं आणि क्रू मध्ये पडायला कचरतो.

एक अनुभव आणखी. माझ्या कानात लहानसं यंत्र असतं. त्यातून पावसासारखा हलका आवाज सोडतात, त्याने आतली शिट्टी मागे पडते. एका विमानात ते इअरफोन समजून मला काढायला लावलं. मी समजावलं, पण उड्डाणाची घाई होती. श्रवणयंत्र आणि असं ध्वनियंत्र हे चष्म्यासारखंच आहे, हे क्रूच्या प्रशिक्षणात एका ओळीने तरी यावं.

कानात घालायच्या फोमच्या प्लगची जोडी बाजारात काही रुपयांना मिळते. मागेल त्याला विमानात द्या. पण सोबत वापरायचं कसं हेही छापा, कारण निम्मे लोक प्लग कानाच्या दारात ठेवतात आणि उपयोग नाही म्हणून फेकतात. बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. चढताना आणि मधल्या प्रवासात ठेवावा. विमान खाली येऊ लागलं की सैल करावा, म्हणजे कानाच्या बाहेरच्या नळीत हवा कोंडत नाही.

हेडफोनचंही असंच. आवाज मारणाऱ्या हेडफोनची कल्पना अमर बोस यांना १९७८ साली युरोपहून अमेरिकेला परतताना विमानातच सुचली. इंजिनाच्या घोंगावण्यात संगीत नीट ऐकू येईना, म्हणून त्यांनी तिथेच कागदावर गणित मांडायला घेतलं. बाहेरच्या लाटेच्या नेमकी उलटी लाट आत सोडायची, दोघी एकमेकींना मारतात. खालच्या सुरातल्या घूंवर हे उत्तम चालतं, बाळाच्या रडण्यावर फारसं नाही. लेकीने मला असा हेडफोन घेऊन दिला. तेव्हा तिने एक गोष्ट बजावली, ती मी प्रत्येकाला सांगतो: ‘बाबा, हा आवाज कमी करायला दिलाय, गाणी मोठ्याने ऐकायला नाही.’ खरा धोका केबिनच्या ८० डेसिबलांपेक्षा, त्यांच्यावर मात करायला तरुण पोरं साध्या इअरफोनचा आवाज शेवटच्या टोकाला नेतात, त्यात आहे. सीटच्या पडद्यावर आवाजाची पट्टी असते. तिच्यावर ‘इथून पुढे कानाला धोका’ अशी लाल रेघ आखता येईल.

शिट्टी असणाऱ्याने मात्र पूर्ण शांतता करू नये, हे मी चुका करून शिकलो. सगळं बंद केलं की आतला आवाज एकटा उरतो आणि मोठा होतो. मी हेडफोनमध्ये नदीच्या पाण्याचा आवाज लावतो, शिट्टी पूर्ण झाकेल एवढा नाही, तिच्या सोबतीला राहील एवढाच. रोजच्या शांत घरातही कानात बोळे घालून बसू नये. मेंदू त्याने आणखी कान टवकारतो.

उतरताना मी काय करतो, तेही लिहितो. आपल्या कंपन्यांनी तिकिटाच्या संदेशासोबत हे पाठवलं तरी माझं काम झालं. घड्याळात गजर लावून ठेवतो, उतरण्याच्या ४० मिनिटं आधीचा. उठून पाणी पितो. मग दर अर्ध्या मिनिटाला आवंढा गिळतो. नाही सुटला तर नाक धरून गिळतो. तरीही नाही, तर नाक-तोंड बंद करून हलकेच श्वास बाहेर ढकलतो. ही शेवटची रीत इटलीच्या व्हाल्साल्वा नावाच्या वैद्याच्या नावाने ओळखतात, त्याने १७०४ मध्ये कानावर ग्रंथ लिहिला. ती जोराने करू नये. कान कुलूपबंद झाल्यावर जोर लावला की आतल्या कानाला इजा होऊ शकते, मी त्या पहाटे नेमकं तेच केलं होतं. सर्दी असेल तर प्रवासाआधी डॉक्टरांना भेटतो. नाक मोकळं करणारा फवारा उतरण्याच्या अर्धा तास आधी मारायला त्यांनी मला सांगितलं आहे. रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय असं औषध घेऊ नये. सर्दी फार असेल आणि शक्य असेल, तर तारीख पुढे ढकलावी. इथे कंपन्यांना सांगतो: डॉक्टरांच्या पत्रावर तारीख बदलायला दंड घेऊ नका. चार हजार रुपये वाचवायला माणूस तुंबलेल्या कानाने विमानात बसतो.

आणि प्रवासानंतर एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, चक्कर आली, किंवा नवी शिट्टी एकाच कानात सुरू झाली, तर ‘दडा बसलाय, सुटेल’ म्हणून आठवडा घालवू नये. अचानक आलेल्या बहिरेपणावर पहिल्या काही दिवसांत उपचार झाले तर उपयोग होतो. उशीर झाला की संधी जाते. आमच्या ओळखीच्या एक बाई तीन आठवडे तेलाचे थेंब घालत राहिल्या. विमानतळावरच्या दवाखान्यात हे एका फलकावर लिहिलं, तर कुणाचा तरी एक कान वाचेल.

येत्या ३ मार्चला जागतिक श्रवण दिन आहे. त्याच आठवड्यात आम्ही दोघं नातीच्या वाढदिवसाला निघणार आहोत. उजळाईवाडीहून सकाळचं विमान. सौ.ने खडीसाखरेची पुडी आत्ताच पर्समध्ये ठेवली आहे, थोडी जास्तच, शेजारी कुणी बसेल त्याच्यासाठी. त्या दिवशी हैदराबाद जवळ येताना, विमान अजून वर असतानाच, स्पीकरमधून कानांबद्दलची ती वीस सेकंदं ऐकू आली, तर मी क्रूच्या मुलीला हात जोडून जाईन.

आपला,
इचलकरंजीचा एक निवृत्त दिवाणजी